न चाखलेलं मटण

मी नौदलाच्या जहाजावर आचारी होतो असं सांगितलं की आमच्या उदगीर-लातूरकडची माणसं आधी हसतात. इकडं घागरभर पाण्याचा वांधा, आणि हा गडी गेला कुठं, तर थेट समुद्रावर! त्यातून आमचं घर लिंगायत वाण्याचं. घरात कुणी नुसतं अंड्याचं नाव काढलं तरी अप्पा उठून चूळ भरून यायचे. अशा घरातला पोरगा दीडशे माणसांचं मटण रांधतो हे कळल्यावर आमचे एक मामा म्हणाले होते, "ह्याच्यापरीस गावात बसून उपाशी राहिला असता तर बरं." मामांना मी तिथल्या तिथं दोन गोष्टी सुनावल्या. माझं डोकं पहिल्यापासून लवकर तापतं, त्याला माझा इलाज नाही.

पण खरी गोष्ट मामांना माहीत नव्हती आणि जहाजावरही एका माणसाशिवाय कुणाला माहीत नव्हती. मटण मी रांधत होतो, भलं रांधत होतो, पण आयुष्यात एकदाही जिभेला लावलं नव्हतं.

झालं असं, की पाठोपाठच्या कोरड्या सालांनी आमच्या दुकानाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मी भरतीला गेलो. उंची बसली, छाती बसली आणि काय काम येतं असं विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, रांधता येतं. निघायच्या दिवशी अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मला गळ्यातलं लिंग मुठीत धरायला लावलं. म्हणाली, "रांधायचं ते रांध. पोटासाठी रांधण्यात पाप न्हाई. पर तोंडात घालू नगं." मी हाव म्हणालो. अप्पा दुकानाच्या पायरीवर आमच्याकडं पाठ करून बसले होते.

न चाखता रांधायचं कसं, हे मला अव्वाकडूनच आलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर लेकरांसाठी मिलोच्या कण्यांची कढई लागायची. मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. त्या कढईवर अव्वा होती. भलीमोठी कढई, पण अव्वानं कधी बोट बुडवून चाखलं नाही. मी एकदा विचारलं तर माझ्यावरच खेकसली, "समोर उपाशी लेकरं रांगेत हुबी, आन आपुन तोंडाला हात लावायचा? लांबून बघणाऱ्याला काय कळतंय, ही चाखून राहिली का खाऊन राहिली?" ती वासावरून ओळखायची, बुडबुड्याच्या आवाजावरून ओळखायची आणि मीठ मुठीनं घालायची. मूठ आपली असते, ती काय दररोज लहानमोठी होत नाही, असं तिचं म्हणणं.

आता तुम्ही म्हणाल, शाकाहारी होतास तर सरळ सांगायचं. सांगितलं असतं हो! पण शिकाऊ असताना एका जुन्या आचाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की मटण न खाणाऱ्याला जहाजावरच्या मोठ्या चुलीला कुणी उभं करत नाही, त्याला किनाऱ्यावरच्या छावणीत जन्मभर चपात्या लाटायला बसवतात. खरं-खोटं देव जाणे. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि अर्जावर 'मांसाहारी' लिहून मोकळा झालो. आणि एकदा मोठ्या चुलीपुढं उभा राहिल्यावर तर मला ती सोडवेना. जहाजाच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. खोली एवढीशी, चुलीभोवती लोखंडी कठडे, कारण समुद्र हलला की पातेली चालायला लागतात. घाम असा की सदरा पिळून घ्यावा. तरी दीडशे माणसं एकदम पानावर बसली आणि पाच मिनिटं कुणी बोललं नाही, की मला असा काही आनंद व्हायचा म्हणता! त्या शांततेसाठी मी काहीही लिहून दिलं असतं.

माझी जीभ म्हणून एक माणूस होता. भाजी चिरणारा गडी, आमच्याच मराठवाड्यातला, देगलूरचा. मराठीत बोलता बोलता हा तेलुगूत शिव्या द्यायचा, त्यामुळं कुणाला राग यायचा नाही. मी खात नाही हे त्यानं चौथ्या दिवशी ओळखलं आणि माझी टिंगल करत करत मला वाचवलं. ठरलं असं, की रस्सा तो चाखणार. मीठ कमी असलं तर डावा कान खाजवायचा, जास्त झालं तर उजवा. एकदा त्याच्या डाव्या कानाला खरीच खाज सुटली. मी अजून एक मूठ मीठ टाकलं, आणि त्या दिवशी दीडशे माणसांनी एवढं पाणी पिलं की गोड्या पाण्याचा हिशोब बघणारे साहेब स्वतः गॅलीत आले. देगलूरकर म्हणाला, "मालक, पुढल्या वक्ताला मी खोकतो, कान नको."

गॅलीचा मुख्य आमचा चीफ. केरळचा, पिकल्या मिशीचा, कमी बोलणारा. मला तो 'मराठा' म्हणून हाक मारायचा. मी चिडून सांगायचो, "चीफ, मी वाणी हाय." तो म्हणायचा, "बरं, मराठा." दोन वर्षं मी त्याच्या हाताखाली होतो. तिसऱ्या वर्षी मोठ्या चुलीवरचा आचारी बदलून गेला आणि ती चूल माझ्याकडं आली, पण तात्पुरती. चीफनं साफ सांगितलं, नव्या वर्षाचा बडा खाना बघीन, मग कायमचं कुणाचं नाव लिहायचं ते लिहीन.

त्याच साली मी रजेवर घरी आलो तर लातूर जिल्हा झालेला. पाऊस म्हणाल तर नव्हता, विहिरीत खडक दिसत होता, अव्वा पाण्याला दोन कोस जाऊन राहिली होती, आणि तरी चौकात गुलाल आणि पेढे. अप्पासुद्धा, मला तीन वर्षांत पहिल्यांदाच, आपण होऊन बोलले, "आता कलेक्टरसाहेब लातूरलाच बसणार. कागदाला उस्मानाबाद गाठायला नको." त्यांच्या तोंडावर हसू बघून मला लई बरं वाटलं. परत आल्यावर जहाजावरच्या कारकुनाला म्हटलं, माझा जिल्हा बदलून लिहा. तो म्हणाला, "का, गाव हललं?" मी म्हटलं, "गाव तिथंच हाय, जिल्हा हलला." तो काही केल्या ऐकेना. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा त्यानं पेन्सिलनं लिहिलं. माझं मात्र ठरलं होतं. एका तालुक्याचा जिल्हा होऊ शकतो, तर माझी तात्पुरती चूल कायमची का होऊ नये?

आणि नेमका बड्या खान्याच्या आठवड्यात देगलूरकर रजेवर गेला. त्याला मुलगी झाली होती. मी त्याला मिठी मारली, पेढे मागितले, आणि तो शिडीवरून उतरून दिसेनासा झाल्यावर ध्यानात आलं, आता रस्सा चाखणार कोण?

बडा खाना म्हणजे सणासुदीचं जेवण. सगळं जहाज एकत्र जेवतं. त्या दिवशी रीत उलटी असते. साहेब लोक कमरेला फडकी बांधून खलाशांना वाढतात, आणि सगळ्यांचं झालं की शेवटची पंगत आचाऱ्यांची. त्यांना साहेब स्वतः वाढतात. आधीच्या सणांना देगलूरकर शेजारी बसायचा आणि माझं मटण गुपचूप त्याच्या ताटात जायचं. जहाज बंदरात नांगरलेलं, सकाळचं ऊन कोवळं, वर डेकवर पताका लागलेल्या. मी पहाटेच कांदे परतायला घेतले. कांदा कडेनं तांबडा झाला, मसाल्याचा कच्चा वास गेला, तेल सुटलं. इथपर्यंत माझं नाक पक्कं होतं.

मग वरून कुणीतरी पुऱ्यांबद्दल विचारायला आलं. त्याच्याशी मी दोन मिनिटं भांडलो, आणि परत पातेल्याकडं वळलो तर मला आठवेना, मीठ घातलं का नाही?

सांगतो तुम्हाला, दीडशे माणसांचं मटण, साहेब लोक वाढणार, चीफ नाव लिहिणार, आणि खोकायला देगलूरकर नाही. मी पळी बुडवली. वर आणली. ओठांपासून चार बोटांवर होती. वाफ नाकात जात होती. गॅलीत त्या क्षणी माझ्याकडं बघणारं कुणी नव्हतं, अव्वा तर कुठच्या कुठं. एक थेंब, काय होतंय? खोटं कशाला बोलू, माझं तोंड उघडलं होतं. पण हात पुढं येईना. मी पळी परत सोडली आणि स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली. तेवढ्यात नजर मिठाच्या डब्यावर गेली. तो मी सकाळीच काठोकाठ भरला होता. झाकण काढलं तर आत बरोबर माझ्या मुठींचा खड्डा. मीठ पडलं होतं. मी तिथंच एका पोत्यावर बसलो आणि थोडा वेळ नुसता हसलो.

मटण असं उतरलं म्हणता! रिवाजाप्रमाणं आधी ड्यूटीवरच्या साहेबांनी चाखलं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. पंगती उठत गेल्या, पातेलं तळाला गेलं. दुपारी एकच्या सुमाराला आम्ही गॅलीची सहा माणसं पानावर बसलो. बाकीचं जहाज आमच्याभोवती उभं, टाळ्या वाजवतंय. कॅप्टनसाहेब फडकं बांधून आले. हिंदीत बोलले, मी आपल्या बोलीत सांगतो. "मटण कुणी केलं?" चीफनं माझ्याकडं बोट केलं, आणि त्याच्या मिशीत मी पहिल्यांदा हसू बघितलं. साहेब म्हणाले, "इतक्या जहाजांवर बडा खाना जेवलो, असं मटण नाही जेवलो. तुझ्यासाठी पातेल्यातलं राखून ठेवायला लावलंय. तुला मी वाढणार." आणि पळी माझ्या ताटावर आली.

आमच्याकडं पंगतीत नको असलं की ताटावर आडवा हात धरतात. वाढणारा समजतो आणि पुढं जातो. मी काही ठरवून केलं नाही. हात आपोआप गेला. साहेबांची पळी तोवर कलंडली होती. कढत रस्सा माझ्या मनगटावर सांडला, आणि टाळ्या थांबल्या.

"अरे, हात का घातलास?" साहेब घाबरून म्हणाले. त्यांना वाटलं मी भाजलो. भाजलो होतोच, पण ते ध्यानात कुणाला होतं? कुणीतरी पाणी आणायला पळालं. माझ्या मनात दोन वाक्यं तयार होती. एक, पोट बिघडलंय साहेब. दुसरं खरं. पहिलं जिभेवर आलंही होतं. पण चीफ माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर खोटं बोलायचा मला अगदी कंटाळा आला होता. मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, मी खात नाही. कधीच खाल्लं नाही. अर्जावर खोटं लिहिलं."

"मग हे रांधलं कुणी?"

"मीच."

"न चाखता?"

"न चाखता."

साहेबांनी चीफकडं बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?" चीफ सावकाश म्हणाला, "हा चाखत नाही हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, साहेब. खात नाही हे आज कळलं. मला वाटायचं, गुर्मी आहे." एरवी हे ऐकून मी पोट धरून हसलो असतो. तेव्हा मात्र मनात एकच, गेली चूल. आता किनारा आणि चपात्या.

आणि तेवढ्यात मागून एकानं हात वर केला. इंजिनावरचा माणूस होता, नखं तेलानं काळी, राजस्थानचा. म्हणाला, "साहेब, मीपण नाही खात." कुणी हसलं नाही. दुसरा हात वर आला. मग तिसरा. एकेक करत सात हात झाले. जहाजाच्या यादीत शाकाहारी दोघंच होते, त्या दोघांना मी दर सणाला बटाटे तळून द्यायचो आणि मोकळा व्हायचो. हे सात यादीत नव्हतेच. चिडवतील, दुबळे समजतील, म्हणून त्यांनीही माझ्यासारखंच लिहून दिलं होतं. सणाला हे लोक आपल्या वाट्याचं मटण शेजाऱ्याच्या ताटात सरकवायचे आणि पुरीला लोणचं लावून उठायचे. तीन वर्षं!

कॅप्टनसाहेब मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तू स्वतः न खाणारा. तरी ही माणसं तुझ्या कशी नजरेत आली नाहीत?"

मला उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. मी त्यांच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. सणाला बिनमटणाचा एखादा झक्क पदार्थ केला तर लोक म्हणतील, हा स्वतःसाठीच करून राहिलाय, या भीतीनं मी मुद्दाम तिकडं हात आखडता घ्यायचो. माझी चूल राखायला मी सात माणसांना लोणच्यावर ठेवलं होतं. मला अशी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भाजल्यामुळं आलं असं लोकांना वाटू दिलं.

"अर्ध्या तासात काही होईल?" साहेबांनी विचारलं.

"होईल, साहेब."

माझ्या पेटीत अव्वानं दिलेली येसराची पिशवी होती. येसर म्हणजे डाळी आणि धान्य मसाल्यात भाजून केलेलं पीठ. फोडणीवर पाणी उकळलं, पीठ कालवून सोडलं की झाली आमटी. सगळ्यांचं उरकल्यावर गॅलीच्या कोपऱ्यात उभं राहून भातावर हेच ओतून मी इतके दिवस जेवत होतो. मनगटाला ओलं फडकं गुंडाळलं आणि पिशवी सगळीच्या सगळी उलटी केली. लसणाची फोडणी दिली, मुठीनं मीठ टाकलं. चीफ न सांगता बटाटे चिरायला बसला. चीफ, बरं का, ज्यानं वर्षानुवर्षं सुरीला हात लावला नव्हता! आमटीला उकळी आली, वास डेकपर्यंत गेला असावा, कारण दारात डोकी जमली. मी सवयीप्रमाणं नाक पुढं केलं, मान डोलावली आणि पातेलं उतरवायला वाकलो.

"चाख," चीफ म्हणाला.

"लागत न्हाई चीफ, वासावरून कळतंय."

"हे तर तू खातोस ना? मग चाख."

दारातली सगळी डोकी बघत होती. मी पळीभर आमटी तळहातावर घेतली आणि जिभेला लावली. मीठ कमी होतं. चांगलं चिमूटभर नव्हे, मूठभर कमी होतं. माझी मूठ, जिच्यावर मी एवढा ऐटीत होतो, ती माझ्याच आमटीला चुकली होती. मी मीठ घातलं, ढवळलं, परत चाखलं. चीफ हात पुसता पुसता एवढंच म्हणाला, "नाव तुझंच लिहितो. पण यापुढं सणाला दोन पातेली, आणि दोन्ही सारख्याच आकाराची." मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्यानं मला ढकललं. "पातेलं उतू जाईल, मराठा." त्या वेळी मी त्याला वाणी म्हणून सुधारलं नाही.

सात जण आणि यादीतले दोघं एका बाकावर बसले, मी त्यांना वाढायला उभा. भात, येसराची आमटी, बटाटे. कॅप्टनसाहेबांनी वाटीभर आमटी मागून घेतली आणि उभ्यानंच प्यायली. बाकावर कुणी बोलेना. पाच मिनिटं, सात मिनिटं, नुसती बोटं चालली होती. नेहमी या शांततेनं माझी छाती फुगायची. त्या दिवशी मी पळी धरून गप उभा राहिलो, कारण मला तिथंच रडू फुटेल असं वाटत होतं.

इंजिनावरच्या त्या माणसानं ताट पुसून घेतलं, वर बघितलं आणि म्हणाला, "तीन वर्षं तू मला वाढतोयस भाऊ. आज तुझ्या हातचं पहिल्यांदा पोटभर जेवलो."

"अजून घे," मी म्हणालो. मी पळी भरून घेतली.

त्यानं ताट पुढं केलं.